कॅमेऱ्यासमोर पन्नास मिनिटं

सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत महिन्याचे पैसे भरून खुर्ची घेणाऱ्या पोरांच्या खोलीवर टेबल नसतं असं नाही. टेबल असतं, दिवा असतो, पुस्तकंही तीच असतात. पण शेजारची चार जणं मान खाली घालून वाचत असली की आपला हात मोबाइलकडे जायला लाजतो. पैसे त्या लाजेचे असतात. लिहू पाहणाऱ्यांसाठी अशीच अभ्यासिका इंटरनेटवर आहे आणि तिथे खुर्चीचं भाडं नाही. लंडन रायटर्स सलॉन या संस्थेचा 'रायटर्स अवर'. मराठीत लिहिणाऱ्याला तिचा उपयोग किती, आणि कुठे ती कमी पडते, ते इथे बघू.

पारुल बाविशी आणि मॅट ट्रिनेट्टी या दोघांची ही संस्था. २०२०च्या टाळेबंदीत त्यांनी झूमवर रोज सकाळी एकत्र बसून लिहायचा तास सुरू केला आणि टाळेबंदी उठल्यावरही तो चालूच राहिला. सोमवार ते शुक्रवार, दिवसातून चार वेळा बैठक होते: लंडनच्या सकाळी आठला, न्यूयॉर्कच्या आठला, लॉस एंजेलिसच्या आठला आणि ऑकलंडच्या आठला. नाव नोंदवलं की झूमची लिंक मिळते. पैसे भरून सभासद झालेल्यांसाठी मुलाखती, कार्यशाळा वगैरे असतात, पण त्यांचा सगळा रोख इंग्रजीत लिहिणाऱ्याकडे आणि तिकडच्या प्रकाशनव्यवहाराकडे आहे. मराठी लेखकाला फुकटचा तास पुरेसा.

आपल्या घड्याळात या वेळा कुठे बसतात ते आधी नीट लिहून ठेवावं, कारण पहिली चूक इथेच होते. तिकडे उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे जातं, आपलं जागचं हलत नाही. लंडनची बैठक भारतात उन्हाळ्यात दुपारी १२:३०ला आणि हिवाळ्यात १:३०ला येते. न्यूयॉर्कची संध्याकाळी ५:३०, हिवाळ्यात ६:३०. लॉस एंजेलिसची रात्री ८:३०, हिवाळ्यात ९:३०. ऑकलंडची मध्यरात्र उलटल्यावर १२:३० किंवा १:३०ला. ती निशाचरांना लखलाभ. त्यातही अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ फिरवते आणि ब्रिटन शेवटच्या रविवारी, त्यामुळे मधले दोन-तीन आठवडे न्यूयॉर्कची वेळ बदललेली असते आणि लंडनची जुनीच. फोनच्या कॅलेंडरमध्ये नोंद करताना 'दुपारी १:३०' असं न लिहिता त्या शहराचा टाइम झोन निवडून सकाळी ८ लिहावं, म्हणजे हिशोब फोनच करतो.

नोकरी करणाऱ्याला यातली कुठली जमेल? न्यूयॉर्कची बैठक म्हणजे आपली लोकल पकडायची वेळ, तिचा विचार सोडावा. लंडनची डब्याच्या सुट्टीत बसते, पण ऑफिसात कॅमेऱ्यासमोर कथा लिहीत बसलेला माणूस फार दिवस झाकून राहत नाही. राहता राहिली लॉस एंजेलिसची, जेवणं उरकल्यानंतरची. घरातल्या मालिका त्याच वेळी चालू असतात हे खरं, पण कानात हेडफोन आणि दार लोटलेलं असेल तर निभतं. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये किंवा लंडनच्या उपनगरात राहणाऱ्या मराठी लेखकाची मात्र चंगळ आहे; त्याला खरोखरची सकाळ मिळते.

बैठकीत घडतं ते फार थोडं. यजमान स्वागत करतो, लेखनाबद्दलचं कुणाचं तरी एखादं वचन वाचून दाखवतो, मग चॅटमध्ये 'आज काय लिहिणार' ते एका ओळीत टाकायला सांगतो. माइक बंद. पन्नास मिनिटं शांतता. शेवटी सगळे वर बघतात, काय झालं ते चॅटमध्ये लिहितात, एक-दोघांना बोलायला देतात, आणि संपलं. कुणी काही वाचून दाखवत नाही, कुणाचं कुणी तपासत नाही. वचनाचा भाग काहींना गोड लागतो. रोजच्या रोज ऐकलं की बुवाबाजीकडे झुकायला लागतो, तेवढा वेळ फाइल उघडण्यात घालवावा.

सगळी किल्ली त्या चॅटमधल्या एका ओळीत आहे, आणि तीच बहुतेक जण वाया घालवतात. 'कादंबरीवर काम करणार' ही ओळ निरुपयोगी, कारण पन्नास मिनिटांनी ती खरी ठरली की खोटी हे लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही. तिच्या जागी अशी ओळ बघा: 'प्रकरण ४. सासू-सून बँकेत. लॉकरची दुसरी किल्ली सासूच्या पर्समध्ये निघते तिथपर्यंत.' यात जागा आहे, माणसं आहेत आणि थांबायचं ठिकाण आहे. पन्नास मिनिटांनी किल्ली निघाली किंवा नाही निघाली, एवढंच उत्तर. पुनर्लेखन करायचं असेल तर तसंच नेमकं लिहावं: 'पान ११ ते १४, मामाचे संवाद निम्मे करणे.' ओळ मुळात स्वतःसाठी असते, तेव्हा ती मराठीत टाकली तरी काही बिघडत नाही.

आता त्या पन्नास मिनिटांत मराठीत पदरात किती पडतं? इथे एक गैरसमज काढायला हवा, आणि त्यासाठी नोव्हेंबर महिन्यातल्या त्या प्रसिद्ध उपक्रमाकडे वळावं लागेल. नॅनोरायमो, म्हणजे तीस दिवसांत पन्नास हजार शब्दांची कादंबरी. १९९९ साली क्रिस बेटीनं सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात २१ जणांना घेऊन ते सुरू केलं, पुढच्या वर्षीपासून नोव्हेंबर ठरला, आणि पुढे जगभरातून लाखो लोक त्यात उतरले. रोजचे १,६६७ शब्द हा त्याचा मंत्र. २०२५च्या मार्चअखेरीला संस्थेनं पैशांच्या चणचणीनं आणि मधल्या काळातल्या वादांनी जेरीला येऊन गाशा गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. आकड्याचा मंत्र मात्र मागे उरलाय, आणि मराठीत लिहिणारेही तो जसाच्या तसा उचलतात. तिथे ते तोंडावर पडतात.

कारण मराठी शब्द आणि इंग्रजी शब्द ही एका मापाची भांडी नव्हेत. 'झाडाखालच्या बाकावर बसलेल्या म्हाताऱ्यानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.' मोजा: सात शब्द. हेच इंग्रजीत लिहिलं तर सोळा होतात, कारण आपल्याकडे 'खालच्या', 'वर', 'कडे', 'सुद्धा' हे सगळं आधीच्या शब्दाला चिकटतं आणि तिकडे प्रत्येकाला स्वतंत्र खुर्ची लागते. हे उदाहरण जरा टोकाचं आहे, 'हो', 'मग?', 'आलास कधी?' अशा संवादांत फरक बराच कमी होतो. तरी वर्णनात रोजचे १,६६७ मराठी शब्द म्हणजे इंग्रजीवाल्याच्या कितीतरी पुढचं काम. डेमी आकाराच्या छापील पानावर मराठीचे साधारण २५० ते ३०० शब्द बसतात. दीडशे पानांची कादंबरी चाळीस हजारांच्या आसपास आटोपते, आणि मराठीत ती चांगली अंगापिंडानं भरलेली कादंबरी असते.

तेव्हा एका बैठकीला नव्या मजकुराचे ४०० शब्द धरावेत. सुरुवातीला ३०० झाले तरी हरकत नाही. आठवड्याला पाच बैठका म्हणजे दोन हजार. चाळीस हजारांना वीस आठवडे. त्यात गणपती, एखादं लग्न, मुलाची परीक्षा आणि स्वतःचा ताप मिळवला की सहा महिने. आकडा ऐकायला मोठा वाटतो, पण नोव्हेंबरात दमछाक होऊन बाराव्या दिवशी फाइल बंद करण्यापेक्षा हा रस्ता पोचवतो.

आकडा गाठता न येण्याचं दुसरं कारण साहित्यिक नसून बोटांचं असतं. फोनवर रोमन अक्षरं टाकून मराठी उमटवायची सवय निरोपांपुरती ठीक आहे. सलग लिखाणात दर ओळीला तीन पर्यायांतून एक शब्द निवडावा लागतो आणि वाक्याची लय तिथे तुटते. लॅपटॉपवर इनस्क्रिप्ट, म्हणजे थेट देवनागरी अक्षरांची कळफलकावरची मांडणी, शिकून घ्यावी. विंडोजमध्ये ती आधीपासून असते, भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी जोडलं की झालं. डावीकडे स्वर, उजवीकडे व्यंजनं, रोज वीस मिनिटं दिली की दोन-तीन आठवड्यांत हात बसतो. 'दुसऱ्या'मधल्या ऱ्यावर सगळे अडतात, म्हणून सांगून ठेवतो: र ज्या कळीवर आहे तीच शिफ्टसह दाबली की नुक्तावाला ऱ येतो, मग हलन्त, मग य, मग काना. 'र' आणि 'य' साधे जोडले तर 'सूर्य'मधला रफार उमटतो आणि 'दुसर्या' असं विचित्र काहीतरी तयार होतं. शासनाच्या टंकलेखन परीक्षेत मराठीला मिनिटाला ३० आणि ४० शब्दांच्या पातळ्या आहेत. तेवढ्या वेगाची लेखकाला गरज नाही, समोर उतरवून घ्यायला कागद नसतो. अक्षर शोधायला खाली बघावं लागू नये, इतकं पुरे.

बोलून लिहिणाऱ्यांसाठी: क्रोममध्ये गूगल डॉक्सचं व्हॉइस टायपिंग मराठी घेतं आणि पहिल्या खर्ड्यासाठी ते बरंच कामाचं आहे. विरामचिन्हं मात्र बोलून पडत नाहीत, ती सोय मोजक्याच भाषांना आहे. त्यामुळे पन्नास मिनिटांच्या शेवटी पूर्णविराम नसलेला एक अजस्र परिच्छेद हातात येतो. दर दोन-तीन वाक्यांनी एन्टर मारत जावं, म्हणजे दुसऱ्या दिवशी सोडवायला गुंता कमी.

कॅमेरा चालू ठेवावा का? ठेवावा, निदान पहिला महिना. बंद चौकटीआडून लिहिणारा माणूस दहाव्या मिनिटाला चहा करायला उठतो आणि परत येत नाही. अभ्यासिकेची लाज कॅमेऱ्यामुळेच तयार होते. अडचण डेटाची. झूमवर अनेकांचे चेहरे दिसत असले की तासाला एक जीबीच्या आगेमागे सहज खर्च होतो, आणि रोज दीड जीबीच्या पॅकवर असलेल्याला ते परवडत नाही. त्यावर उपाय असा की आपला कॅमेरा चालू ठेवायचा आणि झूमच्या 'मोअर' मेन्यूतून 'स्टॉप इनकमिंग व्हिडिओ' करायचं. बाकीचे दिसायचे बंद होतात, डेटाची मुख्य गळती थांबते, आणि कुणीतरी आपल्याकडे बघू शकतं ही जाणीव शिल्लक राहते. फोनवर झूम आणि लॅपटॉपवर लेखन अशी विभागणी आणखी चांगली. फोन असा अडकला की इतर उद्योगांनाही मोकळा राहत नाही.

एवढं झाल्यावर या तासाची खरी उणीव. इथे माणसं खूप आहेत आणि ओळख कुणाचीच नाही. पानभर चौकटींमध्ये तुम्ही आज आलात, उद्या नाही आलात, कुणाच्या लक्षात येत नाही. सुरुवातीचा उत्साह या अनोळखीपणावर दोन महिने तरतो, मग ओहोटी लागते. शिवाय तुमचं लिखाण तिथल्या कुणाला वाचता येणार नाही. शब्दांची रास वाढते आणि ती रास आहे की कथा आहे हे सांगणारं कुणी नसतं. सोबत मिळते, वाचक मिळत नाही. लिहिणाऱ्याला दोन्ही लागतात, आणि ते एकाच दुकानात मिळतील ही अपेक्षा चुकीची.

अनुपस्थिती जाणवावी अशी सोय हवी असेल तर फोकसमेट हे संकेतस्थळ वापरून बघण्यासारखं आहे. तिथे गर्दी नाही, समोर एकच माणूस. २५, ५० किंवा ७५ मिनिटांची वेळ आधी नोंदवायची, ठरल्या वेळी दोघांनी यायचं, काय करणार ते एका वाक्यात सांगायचं आणि आपापलं काम करायचं. समोरचा लेखकच असेल असं नाही. कुणी हिशोब करतं, कुणी प्रबंध लिहितं, कुणी कपाट आवरतं. आठवड्याला तीन वेळा फुकट, त्याहून जास्त हवं तर पैसे. दांडी मारली तर एक जिवंत माणूस तुमच्यासाठी खोळंबतो, आणि हा धाक शंभर चौकटींच्या गर्दीपेक्षा भारी पडतो. इंग्रजीत दोन वाक्यं बोलायचाही ज्यांना संकोच वाटतो त्यांना सुरुवात जड जाईल, पण ती दोनच वाक्यं असतात आणि चौथ्या दिवशी पाठ होतात.

यापेक्षा जास्त टिकणारा मार्ग म्हणजे या तासाची नक्कल करून स्वतःची मराठी बैठक लावणं. पैसा लागत नाही, थोडी शिस्त लागते. माणसं सहा ते आठ. चारच असतील आणि दोन गैरहजर राहिली तर बैठक केविलवाणी होते. बारा असतील तर कोण आलं नाही ते कळत नाही, म्हणजे पुन्हा पहिलाच रोग. झूमचं फुकट खातं ४० मिनिटांनी बैठक तोडतं, तेव्हा ते इथे कुचकामी. गूगल मीटवर तीन किंवा जास्त जण असले की ६० मिनिटं मिळतात. म्हणून वेळेची वाटणी अशी करावी: पहिली ५ मिनिटं आजची ओळ सांगायला, ४५ मिनिटं लेखन, शेवटची ५ मिनिटं झालं-नाही झालं सांगायला, आणि ५ मिनिटं हातची राखून. पूर्ण ५० मिनिटांच्या हट्टानं शेवटचा माणूस बोलत असताना पडदा पडतो. गूगल कॅलेंडरमध्ये आठवड्याचे वार लावून एकच कायमची लिंक तयार करावी. रोज नवी लिंक पाठवली की रोज कुणीतरी 'लिंक कुठंय?' विचारणार.

वार तीन पुरेत. पाच ठरवून दोन पाळण्यापेक्षा तीन ठरवून तीन पाळावेत. यजमान दर आठवड्याला बदलावा. एकाच हौशी माणसाच्या जिवावर चाललेली मंडळं तो माणूस आजारी पडला की बसतात, हे गावोगावच्या वाचनकट्ट्यांचा इतिहास सांगतो.

बिघडतं कुठे तेही ठरलेलं आहे. बैठकीचा व्हॉट्सअ‍ॅप गट काढला जातो, तिसऱ्या दिवशी त्यावर सुप्रभात येतं, आठव्या दिवशी कुणाच्या तरी भाचीच्या अरंगेत्रमचं निमंत्रण, आणि मग लेखनाची ओळ कुठेतरी खाली दडून जाते. गटाच्या सेटिंगमध्ये 'फक्त अ‍ॅडमिन मेसेज पाठवू शकतील' हे लावून टाकावं. बैठक आहे की रद्द, एवढंच तिथे यावं. थोडा रोष पत्करावा लागतो. दुसरा बिघाड म्हणजे बैठकीच्या शेवटी 'आज झालेली कविता ऐकवू का?' ऐकवू द्यायची नाही. एकदा ऐकवली की दाद द्यावी लागते, दाद दिली की बाकीच्यांनाही ऐकवावंसं वाटतं, आणि महिन्याभरात लिहायच्या बैठकीचं कविसंमेलन होतं. कविसंमेलनं वाईट नसतात, पण त्यांत नवीन ओळ लिहून होत नाही.

वाचून दाखवणं वेगळ्या दिवशी ठेवावं, पंधरा दिवसांतून एकदा, शक्य असेल तर प्रत्यक्ष भेटून. यासाठी तयार पद्धत आहे. १९५६ साली पेनसिल्व्हेनियातल्या मिलफर्ड गावात विज्ञानकथाकारांच्या मेळाव्यात ती रुळली आणि पुढे जगभरच्या कार्यशाळांनी उचलली. सगळ्यांनी मजकूर आधी वाचून यायचा. गोलात बसायचं. प्रत्येकानं आपल्या पाळीला बोलायचं, दुसऱ्याचं बोलणं तोडायचं नाही. आणि ज्याचा मजकूर आहे त्यानं सगळ्यांचं संपेपर्यंत तोंड उघडायचं नाही. शेवटचं कलम मराठी माणसाला सगळ्यात जड जातं, कारण 'अहो, पण पुढच्या प्रकरणात त्याचा खुलासा आहे' हे वाक्य ओठांवरच असतं. वाचकाच्या हातात पुस्तक पडेल तेव्हा खुलासा करायला लेखक शेजारी बसलेला नसणार, हे त्या गप्प बसण्यातून कळतं.

एका वेळी दोघांचाच मजकूर घ्यावा, प्रत्येकी १,५०० शब्दांपर्यंत, चार दिवस आधी पाठवलेला. प्रत्येकाला तीन मिनिटं. बोलायचं कशावर, ते ठरवून दिलं नाही तर दोन प्रकारची चर्चा होते: 'छान जमलंय' आणि शुद्धलेखन. पहिल्यातून काही हाती लागत नाही. दुसरीत ऱ्हस्व-दीर्घावर अर्धा तास जातो, वेलांट्या दुरुस्त होतात आणि कथेचा मधला भाग ढेपाळलाय हे कुणी बोलतच नाही. शुद्धलेखनाच्या खुणा कागदावर पेन्सिलीनं करून कागद लेखकाला द्यावा, तोंडी त्याचा उल्लेख नको. तोंडी उत्तरं तीनच प्रश्नांची: वाचताना लक्ष नेमकं कुठल्या ओळीला उडालं? कुठल्या ठिकाणी काय चाललंय ते कळलं नाही? एक परिच्छेद काढायचा झाला तर कुठला? अजून एक खास आपल्याकडचा प्रकार: 'अगदी असंच माझ्या मावशीच्या बाबतीत झालं होतं' म्हणत ऐकणारा स्वतःची कथा सुरू करतो. यजमानाच्या हाती घड्याळ त्यासाठीच.

बरं, सोबत झाली, वाचक झाले. तरीही हात चालत राहायला बाहेरची एक तारीख लागते. इंग्रजीवाल्यांचा नोव्हेंबर होता; मराठीत आपल्याकडे त्याहून जुनी आणि अजून चालू असलेली तारीख आहे. १९०९ साली का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी लेखकाचं वर्ष दिवाळीशी बांधलेलं आहे. दिवाळी ऑक्टोबर-नोव्हेंबरात, अंक हाती यायचा त्याच्या आधी, मांडणी-छपाईला महिना-दीड महिना, म्हणजे संपादकाच्या टेबलावर मजकूर जूनपासून फार तर ऑगस्टपर्यंत. मोठ्या अंकांची पानं त्याही आधी भरत आलेली असतात, कारण नावाजलेल्यांना निमंत्रणं आधीच गेलेली असतात. नव्या माणसानं मे महिना संपायच्या आत पाठवलेलं बरं. उलटा हिशोब मांडा: जानेवारी-फेब्रुवारीत ४०० शब्दांच्या बैठकांमधून दोन कथांचे खर्डे, मार्चमध्ये ते बाजूला ठेवून दुसरं काही, एप्रिलमध्ये पंधरवड्याच्या बैठकीत वाचन, मग पुनर्लेखन, आणि मेच्या तिसऱ्या आठवड्यात रवानगी. रायटर्स अवरचा तास या वेळापत्रकात घातला की त्याला अर्थ येतो. नाहीतर तो नुसताच व्यायाम.

पाठवतानाच्या गोष्टी. कथेची लांबी २,५०० ते ४,००० शब्द. त्यापुढे गेली की नवख्याची कथा चांगली असूनही पानांच्या गणितात गळते. फाइल युनिकोडमध्ये, वर्डची एक आणि सोबत तिचीच पीडीएफ. पीडीएफ यासाठी की बऱ्याच ठिकाणी मांडणी अजून जुन्या फॉन्टमध्ये होते, मजकूर तिकडे वळवताना रफार आणि जोडाक्षरं घसरतात, आणि मूळ शब्द काय होता ते ताडून बघायला काहीतरी लागतं. पहिल्या पानावर नाव, पत्ता, फोन, शब्दसंख्या आणि 'ही कथा अप्रकाशित व स्वतंत्र आहे' ही ओळ. फेसबुकवर टाकलेली कथा बरेच संपादक प्रकाशित धरतात, तेव्हा लाइकांचा मोह दिवाळीपर्यंत आवरावा. ज्या अंकाला पाठवायचं त्याचा मागच्या वर्षीचा अंक ग्रंथालयातून आणून वाचावा. विनोदी अंकाला मृत्यूची कथा पाठवणारे दरवर्षी असतात.

एक कथा एका वेळी एकाच अंकाला. दोन्हीकडे छापून आली तर दोन्ही दारं बंद होतात. उत्तर बऱ्याचदा येतच नाही आणि त्यात अपमान वाटून घेण्यासारखं काही नाही. टेबलावरच्या ढिगाची उंची बघितली की कळतं. सहा आठवड्यांनी एक नम्र विचारणा, फोनपेक्षा ईमेलनं. गणपतीपर्यंत काहीच कळलं नाही तर 'कथा मागे घेत आहे' असं एका ओळीत कळवून ती मासिकाकडे किंवा पुढच्या मेकडे वळवावी. पहिलं पुस्तक करायची वेळ आली की महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी अनुदानाची योजना आहे. तिच्या अर्जासोबत हस्तलिखित पूर्ण लागतं, 'चालू आहे' चालत नाही.

या सगळ्यासाठी एक वही घालावी, शंभर पानी, साधी. डावीकडच्या पानावर बैठकीची तारीख, ठरवलेली ओळ आणि झालेले शब्द. उजवीकडे कथेचं नाव, कुठे पाठवली, कधी पाठवली, काय झालं. नॅनोरायमोच्या संकेतस्थळावर अनेकांचे कित्येक वर्षांचे आलेख आणि बिल्ले साठलेले होते; संस्थाच गाशा गुंडाळते तेव्हा अशा नोंदींचा भरवसा उरत नाही, वही मात्र आपल्याजवळ राहते. वही शाईची असेल तर आणखी बरं. पेन्सिलीनं लिहिलेले आकडे मागाहून वाढवायचा मोह होतो.